वीस हजारांत कामाच्या किती?

एका ट्रायकोकार्डावर साधारण २०,००० अंडी. एकराला ३ कार्डे, म्हणजे ६०,०००. वाशीम जिल्ह्यात मानोरा-कारंजाकडच्या कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी कार्डे लावायची, तर हिशेब हाच. पण या ६०,००० मध्ये कामाच्या किती?

कार्डावरची अंडी तांदळावरच्या पतंगाची. आत वाढते ट्रायकोग्रामा, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची परोपजीवी गांधीलमाशी. तिची मादी बोंडअळीच्या पतंगाचे अंडे टोचून त्यात आपले अंडे घालते, आणि अळी जन्माआधीच संपते. नराला हे जमत नाही. निम्मे नर निघाले, तर कामाला ३०,०००. चौथा हिस्सा नर, तर ४५,०००. खर्च तेवढाच, फौज दीडपट.

हे प्रमाण आई ठरवते. समागमानंतर शुक्राणू ती पोटातल्या पिशवीत साठवते. अंडे घालताना ते सोडले तर मुलगी, अडवले तर मुलगा. अफलित अंड्यातून नरच निघतो.

मग मुलगे किती घालावेत? ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांनी १९६७ मध्ये याचे गणित मांडले. एका जागी अंडी घालणाऱ्या माद्यांच्या संख्येतून १ वजा करा आणि संख्येच्या दुपटीने भागा. जे येईल ते नरांचे प्रमाण:

१ मादी : शून्य (प्रत्यक्षात बहिणींपुरता एखादा नर)
२ माद्या : २५ टक्के
४ माद्या : ३७.५ टक्के
१० माद्या : ४५ टक्के

कारण सरळ आहे. मादी एकटी असेल, तर तिच्या मुलींना वर म्हणून सख्खे भाऊच मिळणार. दहा अंड्यांत एक नर नऊ बहिणींना पुरतो. पाच मुलगे घातले, तर चार फुकट आणि नातवंडे निम्म्याच्या आसपास. शेजारी दुसऱ्या माद्या आल्या, की तिच्या मुलाला परक्या मुलीही मिळतात. मग मुलगा परवडतो.

हेच गणित प्रयोगशाळेतही लागू पडते. पतंगाची अंडी थोडी आणि माद्यांची गर्दी झाली, की पुढच्या पिढीत नर वाढतात. कार्ड भरलेले दिसते, कामकरी कमी निघतात.

म्हणून कार्डाचा तुकडा बाटलीत ठेवावा, निघालेले १०० कीटक रिसोड तालुक्यातल्या करड्याच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा जवळच्या महाविद्यालयात सूक्ष्मदर्शकाखाली बघून घ्यावेत. शृंगिकांवर लांब केस असतील, तो नर. त्यांना वगळून उरतील तेवढ्याच कामाच्या.