160 माणसं

"मावशी, मेसाना आधीपासूनच रोमकडे असेल, तर पहिलं प्यूनिक युद्ध सुरू कशावरून होईल?"

भाच्याने हे जेवताना विचारलं आणि माझा घास हातातच राहिला. मी कॉलेजात इतिहास शिकवते. मेसानाचं नाव एखाद्या विद्यार्थ्याने आपणहून काढल्याचं मला आठवत नाही. या मुलाला ते एका गेममुळे ठाऊक होतं. पुढच्या शनिवारी मी त्याच्याशेजारी खुर्ची ओढून बसले.

गेम जुना, 'रोम: टोटल वॉर', 2004 सालचा. डाव इ.स.पू. 270 मध्ये सुरू होतो. रोमची तीन घराणी आहेत. उत्तरेला ज्युलींकडे आरेटियम आणि अरिमिनम, दक्षिणेला ब्रुटींकडे टॅरेंटम आणि क्रोटन, स्किपींकडे कॅपुआ आणि सिसिलीतलं मेसाना. खुद्द रोम सिनेटच्या ताब्यात. वर्षाला दोन चाली, एक उन्हाळी आणि एक हिवाळी. रोम धरून 50 प्रांत ताब्यात आले की मोठा डाव जिंकला.

भाचा ज्युली घेतो. "पहिल्या वीस चालींत डाव ठरतो, पुढे नुसती वाढावाढ," तो म्हणाला. वीस चाली म्हणजे दहा वर्षं. आता लढाई बघायला मिळणार, असं मला वाटलं होतं. त्याने आधी जमीन साफ करून शेती लावली, रस्ते काढायला घेतले, राजदूताला गॉलांकडे पाठवून व्यापाराचा करार केला आणि नकाशाची माहिती विकून चार नाणी गाठीला बांधली. पहिली चाल त्यातच संपली.

मग अरिमिनममध्ये त्याने हस्तातींची, म्हणजे रोमन पायदळाची, एक तुकडी भरती केली.

"आता शहराचा आकडा बघ."

चाल पुढे गेली आणि लोकसंख्या खाली आली. त्याच्या सेटिंगमध्ये या तुकडीत 160 माणसं असतात आणि ती शहरातूनच वजा होतात. "160 गेली. आता ती शेतात नाहीत, बाजारात नाहीत. नवीन खेळणारे सैन्यच काढत सुटतात. मग शहर 6000 ला पोचत नाही, आणि 6000 झाल्याशिवाय पुढचा दर्जा नाही, चांगलं सैन्यही नाही." म्हणून तो कर कमी ठेवतो. कर कमी असले की वस्ती भरभर वाढते. प्रत्येक भरतीपूर्वी त्याचा हात माऊसवरून उठायचा, ओठ हलायचे. तो मनात हिशेब करत होता. दर खेपेला 160.

मला त्याचं फार कौतुक वाटलं. रोमचं बळ माणसांत होतं, हे मी वर्गात दरवर्षी सांगते आणि ते मुलांच्या डोक्यावरून जातं. इतिहासकार पॉलिबियसने इ.स.पू. 225 च्या सुमाराचा हिशेब दिला आहे: रोम आणि त्याचे मित्र मिळून शस्त्र धरू शकणारं सात लाखांवर पायदळ आणि सत्तर हजार घोडदळ. पुढे कार्थेजच्या हॅनिबलने रोमच्या सेनांमागून सेना कापून काढल्या, तरी रोम उभं राहिलं ते या साठ्यावर. भाच्याला हे बोटांच्या टोकाशी कळलेलं आहे.

पण हा साठा आला कुठून, ते गेम सांगत नाही, आणि तिथे माझं त्याच्याशी भांडण झालं. इटलीतली कितीतरी गावं रोमने तहाने बांधून घेतली होती. ती खंडणी देत नसत, सैनिक देत. आरेटियम असंच एक एट्रुस्कन शहर. अरिमिनम तर 270 मध्ये रोमन वसाहत नव्हतंच, ती वसवली 268 मध्ये. गेममध्ये दोन्ही एका घराण्याची मालमत्ता. सिसिलीतल्या सिराक्यूजचंही तसंच. सिनेट ते जिंकण्याचा हुकूम स्किपींना देते. तिथला खरा राजा हिएरो 263 मध्ये रोमशी तह करून बसला आणि कार्थेजविरुद्धच्या युद्धात त्याने रोमन सैन्याला धान्य पुरवलं. तो मरेपर्यंत रोमचा मित्र राहिला. या खेळात सिनेट अशा मित्राचं शहर जिंकायला सांगते, ही माझी खरी तक्रार आहे.

"मग तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं," मी म्हटलं. "मेसानाच्या भाडोत्री सैनिकांनी 264 मध्ये रोमकडे मदत मागितली, रोमन लोक सामुद्रधुनी ओलांडून गेले आणि कार्थेजशी 23 वर्षं लढत राहिले. तुझ्या गेममध्ये मदत मागायला तिथे कुणी उरलेलंच नाही."

तो हसला आणि सेगेस्टाकडे वळला. सिनेटने ते गाव घ्यायला सांगितलं होतं. वेढा घातला, दरवाजा फोडायचा ओंडका तयार झाला, लढाई दहा मिनिटांत आटोपली.

मग पडद्यावर तीन बटणं आली. ताबा घ्या. गुलाम करा. कत्तल करा.

ती पाटी अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तिन्ही बटणं सारख्याच आकाराची होती. भाच्याचा बाण मधल्या बटणावर थांबला. "गुलाम केलं की निम्मे लोक आपल्या शहरांत येतात. जिथे आपला सुभेदार बसलाय तिथे वाटले जातात. अरिमिनमचे 160 भरून निघतील."

मी त्याला अग्रिगेंटमचं सांगितलं. सिसिलीतलं हे शहर रोमनांनी 261 मध्ये वेढा घालून घेतलं, लुटलं आणि तिथले लोक गुलाम म्हणून विकून टाकले. त्याच्या वीस चालींच्या हिशेबात हे वर्ष बसतं.

त्याने माऊसवरचा हात काढला. "म्हणजे त्यांनीही हेच बटण दाबलं?"

"हो."

तो थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिला. मग त्याने मधलं बटण दाबलं. पुढच्या चालीला अरिमिनमचा आकडा वर चढला होता आणि सेगेस्टात निम्मी माणसं उरली होती.