वास्को-द-गामाची सफर आणि काही रूढ समजुती

पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपीय दर्यावर्दींनी महासागरांवर ज्या दीर्घ सफरी केल्या, त्यांचे जे चित्र शालेय पुस्तकांनी आपल्या मनावर ठसविले आहे, त्यात पृथ्वीच्या कडेवरून खाली कोसळण्याच्या भयाने कापणारे खलाशी, डोंगराएवढ्या लाटा आणि या सर्वांस न जुमानता अज्ञात समुद्रात शिरणारा धीरोदात्त कप्तान ही सामग्री ठरलेली असते. तीतील पहिला भाग तर निखालस काल्पनिक आहे. पृथ्वी गोल असल्याचे ग्रीक पंडित ख्रिस्तपूर्व काळापासून जाणत होते, आपल्याकडे आर्यभटाने ते स्पष्ट शब्दांत सांगितले होते, आणि कोलंबसाशी स्पेनमधील विद्वानांचा जो वाद झाला तो पृथ्वीच्या गोलत्वाविषयी नसून तिच्या परिघाच्या मापाविषयी होता. मौज अशी की, त्या वादात विद्वानांचाच पक्ष खरा होता. कोलंबसाने कॅनरी बेटांपासून जपानपर्यंतचे अंतर वास्तवाच्या पाव हिश्श्याहूनही कमी धरले होते, आणि वाटेत अमेरिका आडवी आली नसती तर ती सफर अन्नपाण्यावाचूनच संपली असती. सपाट पृथ्वीची कथा लोकप्रिय केली ती मुख्यतः १८२८ साली प्रसिद्ध झालेल्या वॉशिंग्टन आयर्व्हिंगच्या कोलंबस-चरित्राने.

दुसरी समजूत अशी की, पोर्तुगीज गलबते आफ्रिकेचा किनारा धरून, चाचपडत, हिंदुस्थानापर्यंत आली. वास्को-द-गामा ८ जुलै १४९७ रोजी चार जहाजे आणि सुमारे १७० माणसे घेऊन लिस्बनहून निघाला. परंतु केप व्हर्दे बेटे सोडल्यावर त्याने किनाऱ्याकडे पाठ फिरवून आपली जहाजे अटलांटिकच्या मध्यभागी लोटली. गिनीच्या किनाऱ्यालगत वारा एक तर पडलेला असतो, नाही तर तो प्रतिकूल असतो, आणि खूप दक्षिणेस गेल्याशिवाय पूर्वेकडे नेणारे पश्चिमी वारे लाभत नाहीत. त्यामुळे दूरचा वळसा हाच जवळचा मार्ग ठरतो. या वळशात त्याच्या माणसांना तीन महिने भूमीचे दर्शन घडले नाही. १४९२ साली कोलंबसाला कॅनरी बेटांतील गोमेरा सोडल्यापासून पैलतीर दिसेपर्यंत अवघे ३६ दिवस लागले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे दोन सफरींतील तफावत कळते.

आफ्रिकेला वळसा घातल्यावर मात्र गामा अज्ञात समुद्रात राहिला नव्हता. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मालिंदीच्या राजाने त्याला एक वाटाड्या दिला. हा वाटाड्या म्हणजे प्रख्यात अरब नौशास्त्रज्ञ इब्न माजिद, असे आजही अनेक पुस्तकांतून छापले जाते, परंतु पोर्तुगीज साधने त्याला गुजरातचा रहिवासी म्हणतात आणि इब्न माजिदचे नाव या प्रकरणात येते ते उत्तरकालीन अरबी बखरीतून. ते काही असो, त्या वाटाड्याच्या मार्गदर्शनाखाली २४ एप्रिल १४९८ रोजी निघालेली जहाजे सुमारे २३ दिवसांत मलबारच्या डोंगरांसमोर आली. अरब आणि गुजराती व्यापारी ज्या मार्गाने शतकानुशतके ये-जा करीत होते, त्याच मार्गाने एक पाहुणा आला आणि पुढे त्याच्या देशबांधवांनी त्या मार्गावर मालकी सांगितली, एवढाच या प्रसंगाचा अर्थ. गामाने जोडून दिला तो अटलांटिकचा दुवा, आणि तोही लहान नव्हे.

खरी शोकांतिका परतीच्या वाटेवर घडली. कालिकतच्या सामुरीशी जकात आणि मालावरून बेबनाव झाल्यावर गामाने ऑगस्टअखेर ते बंदर सोडले, कारवारसमोरच्या अंजदीव बेटावर जहाजांची डागडुजी केली, आणि ५ ऑक्टोबरच्या सुमारास तो आफ्रिकेच्या दिशेने निघाला. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र उघडतो हे कोकणातल्या कोळ्याच्या पोरालाही ठाऊक असते; पण समुद्र उघडणे वेगळे आणि दूरच्या किनाऱ्याकडे नेणारा वारा सुटणे वेगळे. आफ्रिकेकडे जाणारी गलबते ईशान्येचे वारे स्थिर होईपर्यंत थांबत. गामा थांबला नाही, आणि निर्वात समुद्रात व प्रतिकूल वाऱ्यांत अडकून, जो प्रवास येताना २३ दिवसांत झाला होता त्याला जाताना तीन दिवस कमी तीन महिने लागले. सफरीच्या रोजनिशीत नोंद आहे की, या अवधीत तीस माणसे दगावली आणि प्रत्येक जहाजावर काम करण्याजोगे सात-आठ जणच उरले.

त्यांना मारले ते वादळाने नव्हे. गामाच्या चार जहाजांपैकी एक कोठाराचे जहाज वाटेत हेतुपुरस्सर मोडून टाकण्यात आले आणि ‘साओ राफाएल’ चालविण्यास माणसेच नसल्याने मोंबासाजवळ जाळावे लागले. बाकीची दोन पोर्तुगालला पोहोचली. म्हणजे त्या सबंध सफरीत वादळाने एकही जहाज घेतले नाही. वादळे निरुपद्रवी होती असा याचा अर्थ नाही. दुसऱ्याच मोहिमेत, १५०० साली, वादळात बुडालेल्या जहाजांबरोबर केप ऑफ गुड होपला प्रथम वळसा घालणारा बार्तोलोमेउ दियाशही गेला. परंतु वर्षानुवर्षांच्या मृत्यूंचा हिशेब मांडला तर रोगाचे पारडे फार जड भरते.

तो रोग म्हणजे स्कर्व्ही. ताज्या फळांतून वा भाज्यांतून मिळणारे क जीवनसत्त्व मानवी शरीर स्वतः तयार करू शकत नाही; त्याचा साठा दोन-तीन महिन्यांत आटतो, मग हिरड्या सुजतात, पाय काळे पडतात आणि जुन्या भरलेल्या जखमाही पुन्हा उकलतात. म्हणूनच कोलंबसाच्या ३६ दिवसांत तो दिसला नाही आणि गामाच्या तीन महिन्यांत त्याने थैमान घातले. मॅगेलनच्या खलाशांना प्रशांत महासागरात तीन महिने वीस दिवस ताजे अन्न मिळाले नाही, तेव्हा त्यांनी डोलकाठ्यांवरचे चामडे भिजवून खाल्ले. (त्या सफरीत मॅगेलनने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली, हीही एक रूढ चूक, तो १५२१ साली मक्तान बेटावर मारला गेला, आणि पुढील वर्षी ‘व्हिक्टोरिया’ १८ युरोपीय खलाशांसह स्पेनला पोहोचली ती एल्कानोच्या नेतृत्वाखाली.)

या रोगावरचा उतारा १७४७ साली जेम्स लिंडने शोधला आणि तो तत्काळ अमलात आला, असेही सांगतात. वस्तुतः मालिंदीला पोहोचताच गामाच्या आजारी माणसांनी नारिंगांचीच आस धरली होती, आणि इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीच्या १६०१ च्या सफरीत लँकेस्टरने आपल्या जहाजावर लिंबाचा रस दिला होता. लिंडने बारा रुग्णांच्या जोड्या करून वेगवेगळे उपचार तोलून पाहिले, हे त्याचे खरे श्रेय. परंतु त्याने शिफारस केलेला आटवलेला रस उष्णतेने निःसत्त्व होई, रोगाचे कारण त्याला उमगले नव्हते, आणि ब्रिटिश आरमाराने लिंबाचा रस नियमाने देण्याचा हुकूम काढला तो १७९५ साली. तेवढ्यानेही प्रश्न मिटला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आरमाराने भूमध्य समुद्राकडील लिंबांऐवजी वेस्ट इंडीजमधली दुबळ्या रसाची लिंबे घेणे सुरू केले, आणि १८७५-७६ च्या उत्तर ध्रुवाकडील मोहिमेत रसाच्या बाटल्या जवळ असूनही खलाशांच्या हिरड्या सुजल्या. त्यानंतर काही डॉक्टरांनी असा निष्कर्ष काढला की, मुळात लिंबाचा आणि या रोगाचा संबंधच नसावा.