प्रश्न कसा विचारावा?

ज्ञानाची आणि बुद्धीची कसोटी पाहणारे खेळ मानवी समाजाला फार पूर्वीपासून परिचित आहेत. उखाणे, कोडी आणि कूटप्रश्न हे त्यांचेच प्रकार होत. परंतु कोडे आणि प्रश्नमंजूषेतील प्रश्न यांत एक मूलभूत भेद आहे. कोड्यात अर्थ मुद्दाम दडविलेला असतो व तो हुडकून काढणे हाच खेळ असतो. प्रश्नमंजूषेत उत्तर कितीही अवघड असले तरी चालते. प्रश्नाचा अर्थ मात्र ऐकताक्षणी कळला पाहिजे. हा भेद विसरला गेला की स्पर्धेचा हेतूच विफल होतो.

भारतात हा खेळ प्रथम नभोवाणीने आणि पुढे दूरदर्शनने घराघरांत नेला. १९७२ साली ‘बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट’ नभोवाणीवरून सुरू झाली; २००० साली ‘कौन बनेगा करोडपती’ या कार्यक्रमाने तिला अफाट लोकप्रियता मिळवून दिली आणि २०१३ साली त्याची मराठी आवृत्तीही प्रेक्षकांसमोर आली. अशा कार्यक्रमांचे अनुकरण शाळा, वाचनालये आणि सांस्कृतिक मंडळे यांच्या स्पर्धांतून होऊ लागले. मोठ्या कार्यक्रमांमागे प्रश्न तपासणारी मंडळी असतात. गावातील स्पर्धेत मात्र ते सारे काम बहुधा एखाद्या शिक्षकाला किंवा ग्रंथपालाला एकट्याने करावे लागते. म्हणूनच प्रश्नरचनेचे काही नियम समजून घेणे अगत्याचे ठरते.

मध्य प्रदेशातील जबलपूर जिल्ह्यात सिहोरा हे तहसिलीचे गाव आहे. तेथे एखादी प्रश्नमंजूषा भरली असून त्या परिसराविषयी प्रश्न विचारावयाचे आहेत, अशी कल्पना करू. पहिला प्रश्न असा आहे : ‘मध्य प्रदेशाची पहिली राजधानी कोणती?’ ज्याने केवळ चालू भूगोल वाचला आहे तो तत्काळ ‘भोपाळ’ असे उत्तर देईल. ज्याने इतिहासही वाचला आहे तो मात्र अडखळेल. मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांताला १९५० साली ‘मध्य प्रदेश’ हे नाव मिळाले, तेव्हा त्याची राजधानी नागपूर होती आणि सिहोराही त्याच राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर व विदर्भ मुंबई राज्यात गेले आणि नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ येथे आली. प्रश्नकर्त्याच्या हातातील कागदावर ‘भोपाळ’ लिहिलेले असेल, तर ‘नागपूर’ म्हणणारा स्पर्धक बाद होतो. त्याचा अपराध एवढाच, की त्याला प्रश्नकर्त्याहून अधिक माहिती होती.

संदिग्ध प्रश्नाचा खरा दोष हाच आहे. तो अज्ञानी माणसाला अडवीत नाही, जाणत्याला अडवितो. ज्याला एकच उत्तर ठाऊक आहे, त्याला संदिग्धता दिसतच नाही. उलट ज्याला दोन्ही उत्तरे ठाऊक आहेत, त्याला प्रश्नकर्त्याच्या मनात काय असेल याचा अंदाज बांधावा लागतो. ‘१९५६ साली पुनर्रचना होण्यापूर्वी मध्य प्रदेशाची राजधानी कोणती होती?’ असे विचारले की हा अंदाज करण्याची गरज उरत नाही.

काळाचा उल्लेख राहून गेल्यामुळे निर्माण होणारा हा दोष स्थळांच्या बाबतीत वारंवार आढळतो. बहोरीबंदजवळ रूपनाथ येथे सम्राट अशोकाचा लघु शिलालेख आहे. जुन्या ग्रंथांत हे स्थळ जबलपूर जिल्ह्यात असल्याचे नमूद केलेले असते, कारण तेव्हा ते खरोखरच त्या जिल्ह्यात होते. १९९८ साली कटनी हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि रूपनाथ त्यात समाविष्ट झाले. तेव्हा जुन्या पुस्तकातून प्रश्न उचलताना उत्तर आजही खरे आहे किंवा नाही, हे पडताळून पाहिलेच पाहिजे.

दुसरा दोष अपुऱ्या वर्णनाचा. ‘अमरकंटक येथे कोणती नदी उगम पावते?’ या प्रश्नाचे अपेक्षित उत्तर नर्मदा असे असते. परंतु शोण नदीचा उगमही अमरकंटकच्याच परिसरातला मानला जातो. ‘अमरकंटक येथे उगम पावून पश्चिमेकडे वाहणारी व खंबातच्या आखाताला मिळणारी नदी कोणती?’ असे म्हटले की शोण आपोआप वगळली जाते, कारण ती गंगेला मिळते. वाक्य थोडे लांबले खरे, पण त्यातील प्रत्येक शब्द काही काम करतो.

‘पहिला’, ‘सर्वांत मोठा’ यांसारखी विशेषणे तर विशेष जपून वापरावीत. ‘भारतातील पहिला चित्रपट कोणता?’ असे विचारताच दादासाहेब फाळके यांचा १९१३ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ आठवतो. पण दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ १९१२ सालीच मुंबईत दाखविला गेला होता. तो एका नाटकाचे चित्रीकरण होता, म्हणून त्याला हा मान द्यावा की नाही याविषयी मतभेद आहेत. ज्या गोष्टीविषयी अभ्यासकांत वाद आहे, तिचा निकाल घंटी वाजण्याच्या आत लावता येत नाही. अशा वेळी ‘१९१३ साली प्रदर्शित झालेला ‘राजा हरिश्चंद्र’ कोणी निर्माण केला?’ असे विचारणे श्रेयस्कर.

कधी प्रश्न निर्दोष असतो, पण उत्तरेच दोन असतात. ज्ञानेश्वरांच्या गीतेवरील टीकेचे नाव ‘ज्ञानेश्वरी’ असे सांगितले काय किंवा ‘भावार्थदीपिका’ असे सांगितले काय, दोन्ही बरोबरच. म्हणून प्रश्नासोबत स्वीकारार्ह अशी सर्व उत्तरे आधीच लिहून ठेवावीत.

हिंदी प्रदेशातील मराठी मंडळांपुढे भाषांतराची आणखी एक अडचण असते. हिंदीतील ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. मराठीत त्याच शब्दाचा अर्थ दंड असा होतो. ‘शिक्षा का अधिकार’ याचे ‘शिक्षेचा अधिकार’ असे रूपांतर केले तर अनर्थच ओढवेल. शिवाय ‘हा कायदा केव्हा झाला?’ हा प्रश्नही मोघमच आहे. तो संमत झाला २००९ साली आणि अंमलात आला २०१० साली. ‘झाला’ या क्रियापदात दोन्ही अर्थ सामावतात.

असे दोष केवळ लहान स्पर्धांतच आढळतात असे नाही. ब्रिटनमधील ‘हू वाँट्स टू बी अ मिलियनेअर’ या कार्यक्रमात २००६ साली अमेरिकेच्या ब्रीदवाक्याचा लॅटिनवरून केलेला अनुवाद विचारण्यात आला. अपेक्षित उत्तर ‘अनेकांतून एक’ हे होते. ते अमेरिकेच्या राजमुद्रेवरील लॅटिन वाक्य होय. परंतु १९५६ सालापासून त्या देशाचे अधिकृत ब्रीदवाक्य ‘ईश्वरावर आमची श्रद्धा आहे’ हे आहे आणि ते मुळातच इंग्रजी आहे. स्पर्धकांनी हे दुसरे उत्तर दिले व ते चूक ठरले. पुढे प्रश्नच सदोष असल्याचे मान्य करून त्यांना पुन्हा बोलाविण्यात आले.

परीक्षेत तर अशा दोषाने विद्यार्थ्याचे भवितव्य बदलू शकते. १९८३ साली कानपूर विद्यापीठासंबंधीच्या खटल्यात वैद्यकीय प्रवेश परीक्षेतील उत्तरसूचीचा वाद सर्वोच्च न्यायालयापुढे आला. मान्यताप्राप्त पाठ्यपुस्तकांशी जुळणारे उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्यास दंड होता कामा नये, प्रश्न संदिग्ध नसावेत आणि प्रश्नातील संदिग्धता लक्षात आल्यास तो वगळण्याचा निर्णय तातडीने घ्यावा, असे न्यायालयाने सुचविले. गावातील पंचांनीही हाच दंडक पाळावा.

प्रश्न तपासण्याची एक सोपी रीत आहे. तयार केलेला प्रश्न उत्तर न सांगता दुसऱ्या व्यक्तीस मोठ्याने वाचून दाखवावा आणि ‘यात काय विचारले आहे?’ एवढेच तिला विचारावे. तिने प्रतिप्रश्न केला, तर ज्या शब्दापाशी तो निघाला तेथेच दुरुस्ती हवी असे समजावे. ‘खालीलपैकी कोणते शहर राजधानी नव्हते असे म्हणता येणार नाही?’ यासारखी दुहेरी नकाराची वाक्ये या कसोटीवर तत्काळ उघडी पडतात. प्रश्नापुढे उत्तराचा आधार आणि तो पडताळल्याचे वर्ष लिहावे. स्पर्धा चालू असताना कोणी समर्पक आक्षेप घेतल्यास तो ऐकून घ्यावा आणि शंका राहिल्यास प्रश्न रद्द करून दुसरा विचारावा. त्यासाठी चार-पाच प्रश्न राखून ठेवणे सोयीचे होते.