परवडणारी रोड सायकल : थोडा तर्क, थोडा हिशेब

लक्षण, प्रयोजन, अनवस्था हे शब्द या मालेत आपण अनेकदा वापरले. आज ते बाजारात नेऊन बघू. विषय आहे पहिली रोड सायकल घेणं.

विषय किरकोळ वाटेल. पण शिकवण्या घेऊन किंवा पहिल्या पगारातून ज्यानं ४० हजार रुपये साठवलेत, त्याला विचारा. त्याच्यासाठी वर्षातला हा सगळ्यात मोठा खर्च असतो. निवड चुकली तर पैसे जातातच, शिवाय सायकल गॅलरीत धूळ खात पडते आणि 'हे आपल्याला जमणारं नाही' असा निष्कर्ष माणूस काढून मोकळा होतो. पुष्कळदा दोष मापाचा असतो आणि तो माथी मारला जातो माणसाच्या.

आधी शब्द नीट करून घेऊ. रोड सायकल म्हणजे डांबरी रस्त्यावर लांबचं अंतर वेगानं कापण्यासाठी केलेली सायकल. हँडल खाली वळलेलं, टायर अरुंद, बैठक पुढे झुकलेली. आता 'परवडणारी' म्हणजे काय? चटकन उत्तर येतं, कमी किमतीची. हे लक्षण दोन्हीकडून सदोष आहे. दिसायला हुबेहूब रोड सायकल, पण चाकं सारखी वाकडी होतात, गिअर सारखे निसटतात, अशी वस्तू किमतीला कमी असली तरी परवडत नाही. ही झाली अतिव्याप्ती. उलट थोडी महाग, पण दहा वर्षं चालेल आणि जिचे भाग सहज मिळतील, ती सायकल या लक्षणातून सुटून जाते, ही अव्याप्ती. मग लक्षण असं करू : जी घेतल्यावर चालवायला आणि राखायलाही पैसे उरतात, ती परवडणारी.

या लक्षणातून पहिला नियम आपोआप निघतो. ४० हजार जवळ असतील तर सगळे सायकलीवर घालू नका. हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, पंप, जादा ट्यूब, पंक्चरचं सामान आणि कुलूप यांसाठी पाच-सहा हजार बाजूला काढा. उरले ते सायकलीचे.

दुकानात गेलात की एक वाक्य हमखास ऐकू येतं : 'आणखी पाच हजार घाला, वरचं मॉडेल मिळेल.' घातले, की त्याच्याही वरचं मॉडेल पाच हजारांवर उभं असतं. याला आपण अनवस्था म्हणतो. कुठंतरी थांबावंच लागतं आणि थांबायचं कुठं हे प्रयोजन ठरवतं. न्यायसूत्रांतल्या सोळा पदार्थांत संशय तिसरा आणि प्रयोजन चौथं आहे. ग्राहकानं हाच क्रम ठेवावा. रोज कॉलेजला जायचंय? रविवारी ५० किलोमीटर? की २०० किलोमीटरची ब्रेव्हे साडेतेरा तासांत पुरी करायची आहे? हे आधी कागदावर लिहा, मग दुकानाची पायरी चढा.

आता प्रत्यक्ष काय बघायचं?

पहिलं माप. बाकी जवळजवळ सगळं पुढे बदलता येतं, फ्रेम बदलता येत नाही. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवा, पॅडल सगळ्यात खाली न्या. पाय सरळ झाला, तर चवडा ठेवल्यावर गुडघ्यात हवा तेवढा हलका बाक राहतो. मग हात ब्रेकच्या मुठींवर ठेवा. कोपर ताठ होत असेल, खांदे ओढले जात असतील, तर ती फ्रेम तुमच्यासाठी लांब आहे. सवलत कितीही असो, सोडून द्या.

दुसरं, गिअर. शिमानोच्या प्राथमिक पातळीवर टूर्नी, क्लॅरिस, सोरा, टियाग्रा अशी चढती श्रेणी आहे. मागची चक्रं अनुक्रमे ७, ८, ९, १०. नवशिक्याला क्लॅरिस भरपूर झालं. चक्रांच्या संख्येपेक्षा महत्त्वाचं हे, की गिअर बदलायला हँडलवरचा हात काढावा लागतो का? काही स्वस्त सायकलींत गिअरचा खटका फ्रेमच्या खालच्या नळीवर असतो. मोकळ्या रस्त्यावर ठीक. पण समोर खड्डा, शेजारी रिक्षा आणि एक हात खाली, हे धोक्याचं आहे. ब्रेक आणि गिअर एकाच मुठीत शिमानोनं १९९० मध्ये आणले. ही सोय आता प्राथमिक सायकलीतही मिळते, ती जरूर घ्या.

तिसरं, टायर. आपल्या रस्त्यांना २८ मिलिमीटर बरे, ३२ बसत असतील तर आणखी बरे. फ्रेममध्ये तेवढी जागा आहे का, विचारून घ्या. आणखी एक बारीक गोष्ट : रोड सायकलीच्या ट्यूबला बहुधा प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो, बारीक मानेचा. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला बसेलच असं नाही. त्यासाठी पितळी अडॅप्टर मिळतो, अगदी स्वस्त. तो खिशात नसेल तर भर दुपारी सायकल ढकलत न्यावी लागते.

चौथं, वजन. यावरच सगळ्यात जास्त पैसे उडतात. व्यावसायिक शर्यतींत सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी असू नये असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. आपली प्राथमिक सायकल साधारण १०-११ किलोची. फरक मोठा दिसतो ना? पण चढावर सायकल एकटी जात नाही. स्वार ६५ किलो, सायकल साडेदहा, पाणी वगैरे दीड, एकूण ७७. यातले दीड किलो कमी केले तर दोन टक्के वाचले. एका तासाच्या खड्या चढाला तेवढ्याच जोरानं गेलात तर एक-सव्वा मिनिट. सपाटीवर तर मुख्य झगडा हवेशी असतो, तिथं वजनाचा फरक जाणवतही नाही. त्या मिनिटासाठी वीस हजार घालायचे का, हे ज्यानं त्यानं ठरवावं. मी फक्त हिशेब मांडला.

शेवटी, जुनी सायकल घ्यावी का? अवश्य, पण डोळे उघडे ठेवून. अॅल्युमिनियमच्या फ्रेमचे जोड उजेडात तपासा, बारीक भेग दिसली तर व्यवहार संपला. कार्बनची इजा वरून दिसतेच असं नाही, म्हणून जाणकार सोबत नसेल तर जुनं कार्बन नको. चेनला पट्टी लावा. एक पिन शून्य धरली तर चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर हवी. इंचाचा सोळावा भाग जास्त भरला तर नवी चेन. आठवा भाग भरला तर मागची चक्रंही झिजली असं समजा आणि तेवढी रक्कम किमतीतून वजा करा. मूळ बिल मागायला लाजू नका.

एवढं केलंत की थांबा. 'याहून चांगली मिळाली असती' ही शंका कुठल्याही खरेदीनंतर उरतेच, लाखाच्या सायकलीनंतरही. ती दुकानात मिटत नाही. पहिले पाचशे किलोमीटर झाले, की आपल्याला खरोखर काय कमी पडतं ते कळतं, आणि बहुतेकांना कमी पडतो तो सराव. त्याला पैसे लागत नाहीत, पहाटे उठावं लागतं.

आता प्रश्न घेऊ.