घाटमाथ्यावरचा ढगांचा कारखाना

महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला शंभर किलोमीटरच्या आत, माण तालुक्यात, जेमतेम पाचशे. वारा तोच, महिना तोच. शाळेतलं उत्तर एका ओळीचं: ढग सह्याद्रीला अडतात. पण ढग अडेल कसा? एवढा डोंगर तो सहज ओलांडतो. जुलैत वाई-साताऱ्यावर आभाळ भरून असतं, पण पाऊस घाटमाथ्याइतका पडत नाही.

खरी गंमत पुढेच आहे. माथ्यावरचे बरेचसे ढग समुद्रावरून आलेलेच नसतात. येते ती दमट हवा. कड्याशी भिडली की तिला वर चढावंच लागतं. वर दाब कमी, म्हणून ती पसरते आणि गार होते. ढग धरेपर्यंत किलोमीटरमागे जवळजवळ दहा अंशांनी. मग वाफेचं पाणी होतं, आणि होता होता ती आपली उष्णता हवेला देऊन टाकते. त्या उबेनं हवा आणखी उसळी घेते. जुना ढग पुढे सरकतो, त्याच जागी नवा धरतो. माथ्यावरचं आठवडाभर न हललेलं धुकं प्रत्यक्षात सतत नवं होत असतं!

हे ढग बहुधा बुटके. बर्फ होईल इतकी उंची अनेकदा गाठतच नाहीत. थेंबाला थेंब मिळूनच पाऊस होतो. म्हणून ऐन जुलैत घाटावर विजा क्वचित, कडकडाट वळवाचा. माथा ओलांडला की हवा उतरते, दाबली जाते, तापते आणि उरलेल्या थेंबांपैकी बरेचसे विरतात.

डोंगराची ही करामत कड्यापाशीच सुरू होते असंही नाही. हवा आधीपासूनच उचलली जाऊ लागते, त्यामुळे किनाऱ्यालगतच्या समुद्रावरही पाऊस धो धो कोसळतो.

आणि जंगल? सह्याद्रीचा पाऊस मुख्यतः चढ पाडतो. उघड्या कातळसड्यालाही तो झोडपतोच. झाडांचं काम वेगळं. मुळांनी ओढलेलं पाणी पानांवाटे वाफ होऊन वाऱ्यावर स्वार होतं आणि पूर्वेला जातं. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी 2018 मध्ये दाखवलं, की तमिळनाडूच्या नैर्ऋत्य मोसमी पावसात पश्चिम घाटातल्या जंगलांनी सोडलेल्या बाष्पाचा मोठा वाटा असतो, आणि पाऊस कमी झालेल्या वर्षी तो आणखी वाढतो.