नदी पहाटे मोजायला हवी

पावसाळ्यात गढूळ होऊन धावणारी अंबा नदी पालीवरून नागोठण्याला येते आणि पुढे कासूच्या बाजूने धरमतरच्या खाडीकडे जाते. उन्हाळ्यात मात्र कोकणातल्या बहुतेक नद्यांसारखी तीही संथ होते, बंधाऱ्यामागे थांबते आणि हिरवी पडू लागते. हिरवेपणा वाईट नसतो. दगडावरचं पातळ शेवाळ म्हणजे नदीची चूल. गोगलगायी, किड्यांच्या अळ्या आणि मासे तिच्यावरच पोसले जातात. बिघडतं ते या चुलीत सरपण फार झालं की. सांडपाणी, साबणाचं पाणी, कारखान्यांचं पाणी आणि शेतातलं वाहून आलेलं खत यांतून नायट्रोजन आणि फॉस्फरस नदीत येतात. पिकाला जे हवं तेच शेवाळाला आणि जलपर्णीला हवं असतं. म्हणून जलपर्णी कितीही उपसली तरी पुढच्या वर्षी परत येते. आपण झाड काढतो, खत तिथंच ठेवतो.

आता हे खत आपण मोजतो का? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत आंघोळीयोग्य पाण्यासाठी लिटरमागे किमान ५ मिलीग्रॅम विरघळलेला प्राणवायू आणि जास्तीत जास्त ३ मिलीग्रॅम बीओडी, म्हणजे पाण्यातला सडका माल कुजवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू, अशी अट आहे. बीओडी ३ च्या वर गेला की नदीचा पट्टा प्रदूषित ठरतो. २०१८ च्या यादीत देशात असे ३५१ पट्टे होते, त्यातले ५३ महाराष्ट्रातले. या मूळ निकषांत फॉस्फरस नाही, नायट्रेटही नाही. प्राणवायू पाहिला की सगळं कळतं, असं त्यामागे गृहीत धरलेलं आहे, आणि तिथंच मोठी गफलत होते. शेवाळ माजलेल्या पाण्यात भर दुपारी बाटली भरली तर प्राणवायू भरपूर निघतो, कधी स्वच्छ पाण्यापेक्षाही जास्त; कारण उन्हात शेवाळ तो तयार करत असतं. रात्री तेच शेवाळ प्राणवायू घेऊ लागतं, कुजणाऱ्या भागावर जिवाणू तुटून पडतात आणि पहाटे पातळी तळाला जाते. मासे वर येऊन तोंड उघडतात ते या वेळी. दुपारच्या बाटलीत आजारच तब्येतीसारखा दिसतो. बीओडीही इथं अपुरा पडतो. तो आज पाण्यात असलेला सडका माल मोजतो, उद्या वाढणाऱ्या शेवाळाचा शिधा मोजत नाही.

यावर उत्तर दिलं जातं की मर्यादा आहेत, त्या नळाच्या तोंडाशी आहेत. खरं आहे. नदीत सोडायच्या पाण्यात विरघळलेला फॉस्फेट, फॉस्फरस म्हणून मोजल्यास, लिटरला ५ मिलीग्रॅमपर्यंत चालतो. पण वाहत्या पाण्यासाठी अमेरिकेत रूढ झालेली जुनी मार्गदर्शक मर्यादा ०.१ मिलीग्रॅमची आहे. म्हणजे नियम पाळून सोडलेल्या एका लिटरला किमान ४९ लिटर निखळ पाणी मिळालं तरच हिशोब जुळतो. ते पाणी येणार कुठून? शेजारची कुंडलिका भाग्यवान आहे. १९२७ पासून चालणाऱ्या भिरा वीजघरातून मुळशी धरणाचं पाणी तिच्यात उतरतं आणि रोह्याकडे जातं. अंबेवर असं वीजघर नाही. म्हणजे वीजनिर्मितीच्या वेळापत्रकावर एका नदीची सहनशक्ती ठरते आणि दुसरीला उन्हाळ्यातल्या स्वतःच्या पाण्यावर भागवावं लागतं. दोघींना नियम मात्र एकच. मर्यादा नळाला लावून पुरत नाही. ती त्या त्या नदीच्या उन्हाळ्यातल्या प्रवाहावरून काढायला हवी.

‘कोकणात एवढा पाऊस पडतो, सगळं धुऊन जातं,’ हा आक्षेप नेहमीचा. धुऊन जातं ते खाडीत, आणि खाडीत भरती-ओहोटी तेच पाणी पुन्हापुन्हा मागे-पुढे करते. जिताडा माशाची पिल्लं मोठी होतात ती याच निमखाऱ्या पाण्यात आणि नदीच्या मुखाकडच्या भागात. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: मर्यादा आली की बोट शेतकऱ्याकडे वळेल. ते वळू नये, कारण त्याचं उत्तर कोकणातच सापडलेलं आहे. डॉ. ना. कृ. सावंत यांच्या चारसूत्री भात लागवडीत युरिया-डीएपीची जेमतेम पावणेतीन ग्रॅमची गोळी चार चुडांच्या मधोमध चिखलात खोल खोचतात. फेकलेला युरिया बांधावरच्या पाण्याबरोबर निघून जातो, खोचलेला मुळांशी राहतो. खत वाचतं आणि नदीही वाचते. सावंतांचं नाव शेतीच्या पुस्तकांत येतं. नदी वाचवणाऱ्यांच्या यादीतही ते मानाने यायला हवं.

राहिला खर्च. सांडपाण्यातून नायट्रोजन काढणं महाग पडतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. २०१५ च्या मसुद्यात प्रक्रिया केंद्रांसाठी नायट्रोजनची मर्यादा होती, २०१७ च्या अंतिम अधिसूचनेतून ती गेली. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने कडक निकष पुन्हा आणले, पण त्यातली फॉस्फरसची १ मिलीग्रॅमची अट तळी आणि तलावांत जाणाऱ्या पाण्यासाठी आहे. नदी पुन्हा बाहेरच राहिली. खर्च वाचवायचा तर प्रत्येक नदीला सारखाच कडक आकडा लावू नये. ब्रिटनमध्ये नदीतल्या फॉस्फरसची मर्यादा त्या जागेची उंची आणि पाण्याची अल्कलिनिटी बघून जागोजागी वेगळी काढतात. आपल्या काळ्या कातळातूनही थोडा फॉस्फरस मुळातच झिरपतो. तेव्हा सह्याद्रीच्या पायथ्याशी, वस्ती लागण्याआधी अंबेत तो किती आहे हे आधी मोजावं. मग एप्रिलमध्ये, पहाटे, बंधाऱ्यामागे आणि खाडीच्या तोंडाशी मोजावं. या दोन आकड्यांमधलं अंतर हे आपलं देणं आहे, आणि ते किती व कुणी फेडायचं हे ठरवणं म्हणजेच मर्यादा ठरवणं.