घाटरस्ता, पावसाळा आणि गाडीचे विसरलेले तेल

मोटारगाडीतील इंजिन ऑइलची काळजी बहुतेक सर्वच मालक घेतात. गाडीच्या पाठीमागच्या आसाच्या मध्यभागी जो लोखंडी गोळा दिसतो, त्याच्या आतल्या तेलाची आठवण मात्र सहसा कोणास होत नाही. या गोळ्यास आपले मेकॅनिक 'हाउसिंग' म्हणतात. आत असते ती क्राऊन-पिनियनची जोडी आणि डिफरन्शिअल. तेथील तेल वर्षानुवर्षे बदलले गेले नाही तरी गाडी शहरात मुकाट्याने चालत राहते. घाटात आणि पावसात मात्र हे दुर्लक्ष महागात पडते.

पुणे-नाशिक महामार्गावरील मंचरहून घोडेगाव, डिंभे धरण आणि पुढे पोखरीचा घाट चढून तळेघरमार्गे भीमाशंकरला जाणारा रस्ता याचे उत्तम उदाहरण ठरेल. शहरातील अनेक गाड्या श्रावणात या वाटेने वर जातात. तळेघर परिसरातील वाड्या-वस्त्यांतून घोडेगाव-मंचरच्या बाजाराला माणसे आणि माल नेणाऱ्या जीपगाड्या तर वर्षभर याच चढउतारावर असतात. गाडी भरलेली, गिअर खालचा आणि चढ लांबलचक, अशा वेळी इंजिनाचा सारा जोर पिनियनच्या मोजक्या दातांवर एकवटतो. त्यातच पावसाळ्यात आडवाटेच्या फरशी पुलांवरून पाणी वाहू लागले, की तापलेले हाउसिंग एकदम थंड पाण्यात बुडते. नुकसान होते ते नेमके येथे.

कारण समजून घेणे अवघड नाही. गाडी चालली की हाउसिंगमधील तेल आणि हवा तापते. वाढलेला दाब बाहेर पडावा म्हणून आसाच्या वरच्या बाजूस 'ब्रीदर' नावाची छोटी टोपी किंवा नळी दिलेली असते. तापलेला आस पाण्यात शिरताच आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, नाही तर जुनाट ऑइल सीलमधून, पाणी आत ओढले जाते. उलटपक्षी ब्रीदर चिखलाने बुजला असेल, तर तापलेल्या हवेला वाट मिळत नाही आणि तेल सील ढकलून चाकांच्या बाजूने बाहेर येते. तेथून ते मागच्या ड्रममधील ब्रेक शूजवर पोहोचते. घाट उतरताना मागचे ब्रेक तेलाने माखलेले असणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको! म्हणूनच या तेलाचा प्रश्न केवळ यंत्राच्या आयुष्याचा नाही.

आता तेलाच्या निवडीविषयी. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते. दोन्ही चाके वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दातेरी चाकांची रचना १८२७-२८ च्या सुमारास ओनेसिफोर पेक्यूर या फ्रेंच तंत्रज्ञाने वाफेच्या गाडीसाठी योजली. तेच आजचे डिफरन्शिअल. त्यापुढील महत्त्वाचा बदल विसाव्या शतकात झाला. १९२६ च्या सुमारास अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने आपल्या मोटारींत 'हायपॉइड' दाते आणले. यात पिनियनचा अक्ष क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली सरकवलेला असतो. त्यामुळे प्रॉपेलर शाफ्ट खाली आला, गाडीची बैठक खाली घेता आली आणि आवाजही कमी झाला. पण याची किंमत तेलाला मोजावी लागली. साध्या दात्यांत पृष्ठभाग मुख्यतः एकमेकांवर लोळतात. हायपॉइड दात्यांत ते मोठ्या दाबाखाली एकमेकांवर घासत सरकतात. अशा जागी साध्या तेलाचा थर तुटतो. त्यावर उपाय म्हणून तेलात गंधक आणि स्फुरद यांची संयुगे घालतात. दाब आणि उष्णता वाढली की ही संयुगे लोखंडावर एक पातळ संरक्षक थर निर्माण करतात. गिअर ऑइलचा डबा उघडताच येणारा उग्र दर्प याच गंधकाचा.

डब्यावर लिहिलेल्या 'एपीआय जीएल-४' आणि 'एपीआय जीएल-५' या खुणांचा अर्थ यातून उलगडतो. जीएल-५ मध्ये ही संयुगे अधिक असतात, म्हणून हायपॉइड डिफरन्शिअलला तेच तेल लागते. मग तेच गिअरबॉक्समध्येही ओतले तर काय बिघडले, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. पुष्कळ गिअरबॉक्समधील सिंक्रोनायझर रिंगा पितळेच्या किंवा तत्सम मिश्रधातूच्या असतात. जास्त प्रमाणातील ही संयुगे त्यांना मानवत नाहीत. गिअरबॉक्सच्या पुस्तिकेत जीएल-४ लिहिले असेल, तर तेथे जीएल-४ च हवे. दोन्हींसाठी एकच डबा आणण्याचा मोह त्यामुळे टाळावा. दुकानात नुसते 'ईपी ९०' असे मागून किंवा वाचून भागत नाही. त्यावरून तेल जीएल-४ आहे की जीएल-५ हे कळत नाही, डबा फिरवून मागची बारीक अक्षरे वाचावीच लागतात. सुटे तेल तर घेऊच नये.

'नव्वद नंबर' आणि 'एकशेचाळीस नंबर' हे शब्द गॅरेजमध्ये रोज ऐकू येतात. हा आकडा घट्टपणाचा. मात्र इंजिन ऑइलच्या आकड्यांशी त्याची तुलना करू नये, दोन्हींची मोजपट्टी वेगळी आहे. नव्वद नंबरचे गिअर ऑइल साधारणपणे चाळीस-पन्नास नंबरच्या इंजिन ऑइलइतकेच घट्ट असते. '८०डब्ल्यू-९०' मधील पहिला आकडा कडाक्याच्या थंडीसाठी आहे. तळेघरला हिवाळ्यात गारठा असतो खरा, पण तो उणे सव्वीस अंशांचा नव्हे! त्यामुळे आपल्याकडे ८०डब्ल्यू की ८५डब्ल्यू याचा खल करण्यात अर्थ नाही, दुसरा आकडा महत्त्वाचा. कायम ओझे वाहणाऱ्या काही गाड्यांना उत्पादक ८५डब्ल्यू-१४० सुचवतात. पण पुस्तिकेत नव्वद असताना 'घट्ट तेल म्हणजे चांगले तेल' या समजुतीने १४० ओतणे योग्य नव्हे. घट्ट तेल घुसळण्यात शक्ती वाया जाते. गाडीला लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल असेल, तर तेलात त्यासाठीचे खास मिश्रण लागते का, तेही पुस्तिकेत पाहावे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. हे सारे मागच्या चाकांना जोर देणाऱ्या गाड्यांचे. बोलेरो, स्कॉर्पिओ, ईको, तसेच अजूनही रस्त्यावर दिसणाऱ्या सुमो आणि ओम्नी या त्यातल्या. अल्टो किंवा स्विफ्टसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारींत डिफरन्शिअल गिअरबॉक्सच्याच पोटात असते आणि तेलही एकच असते. त्यांच्या मालकांनी मागे हाउसिंग शोधत बसू नये.

तेल घरी बदलणे हे पाने हाताळणाऱ्या माणसाला अर्ध्या-पाऊण तासाचे काम आहे. गाडी आठ-दहा किलोमीटर फिरवून आणावी म्हणजे तेल पातळ होऊन नीट निथळते. मग ती सपाट जागी उभी करून चाकांना उटी लावावी. बोलेरोसारख्या उंच गाडीखाली बहुधा तशीच शिरता येते. गाडी उचलायचीच असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर तिच्याखाली कदापि जाऊ नये, घोड्यांवरच ती टेकवावी. शिवाय गाडी एका बाजूने उचललेली असेल तर तेलाची पातळी चुकीची दिसते.

यानंतरचा नियम विसरू नये: आधी वरचा, म्हणजे तेल भरण्याचा नट उघडावा, मगच खालचा. कित्येक वर्षे न उघडलेला वरचा नट गंजून बसलेला असतो. खालून सारे तेल काढून टाकल्यावर तो निघाला नाही, तर गाडी जागची हलवता येत नाही. वरचा नट निघत नसेल तर काम तेथेच थांबवून गॅरेजची वाट धरावी. काही हाउसिंगला खालचा नटच नसतो, मागचे झाकण काढावे लागते. तेही काम मेकॅनिककडे सोपवलेले बरे.

निघालेले तेल टाकण्यापूर्वी निरखून पाहावे. काळपट तेल ही नेहमीची गोष्ट. खालच्या नटाला लोहचुंबक असेल तर त्यावर करड्या रंगाचा लेप जमलेला दिसेल, तोही स्वाभाविक. मात्र लोखंडाचे तुकडे किंवा दात्याचा कपचा सापडला, तर नुसते तेल बदलून भागणार नाही. आणि तेल दुधाच्या चहासारखे दिसले, तर आत पाणी शिरले आहे असे निश्चित समजावे. अशा वेळी पुस्तिकेतील किलोमीटरचा हिशेब बाजूला ठेवावा. पाण्याने बेअरिंग गंजतात आणि तेलाचा थर टिकत नाही. नवे तेल भरून थोडे अंतर चालवावे, पुन्हा पाहावे, अजून दुधाळ असेल तर पुन्हा बदलावे. हा खर्च क्राऊन-पिनियनच्या नव्या जोडीपुढे किरकोळ असतो. आस बुडेल इतक्या पाण्यातून गाडी गेली असेल, तर पावसाळा संपण्याची वाट न पाहता तेल तपासावे, आणि त्याच वेळी ब्रीदरची टोपी काढून तो मोकळा आहे ना हेही पाहावे.

खालचा नट पुसून, नवा वॉशर घालून घट्ट करावा. मग पंपाने किंवा नळी लावलेल्या बाटलीने वरच्या छिद्रातून तेल भरावे. बहुतेक गाड्यांत छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत तेल आले, ते बाहेर झिरपू लागले, की भरणे थांबवायचे. साधारण एक ते अडीच लिटर तेल लागते, नेमका आकडा पुस्तिकेत असतो. 'थोडे जास्त असू द्यावे' म्हणून गाडी तिरकी करून अधिक भरू नये, ते जादा तेल सीलमधून ब्रेककडेच जाईल. आठ-दहा किलोमीटर चालवून नटांभोवती आणि मागच्या चाकांच्या आतील बाजूस ओल आहे का ते पाहावे.

राहता राहिले जुने तेल. ते कुंपणाच्या खांबांना फासणे किंवा सरळ ओढ्याकाठी ओतून देणे ही आपल्याकडची जुनी सवय. वापरलेले तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. तळेघरच्या आसपासचे ओढे घोड आणि भीमेला मिळतात, आणि त्याच भीमेच्या खोऱ्यातील पाण्यावर खालची अनेक गावे अवलंबून आहेत. नव्या तेलाच्या रिकाम्या डब्यात जुने तेल भरून, झाकण लावून ते जुने तेल गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये द्यावे. पाणी मिसळलेले तेल वेगळ्या डब्यात ठेवावे आणि देताना तसे सांगावे.